काळुराम म्हात्र्यांचा सतरा नंबर

काळुराम म्हात्रे व्याख्यानाला गेले ते काही ज्ञान मिळवायला नव्हे. रोह्याच्या वसंत व्याख्यानमालेचं त्या वर्षीचं अध्यक्षपद त्यांच्या मॅनेजरसाहेबांकडे होतं, आणि साहेब अध्यक्ष असताना समोर रिकाम्या खुर्च्या दिसू नयेत म्हणून धाटावच्या कंपनीतली पहिल्या शिफ्टची माणसं टेंपोत भरून आणली होती. म्हात्रे त्या रंगाच्या कंपनीत स्टोअरकीपर. दिवसभर हातमोजे आणि रिकाम्या ड्रमांवर नजर ठेवून आलेला माणूस पंख्याखाली बसला की झोपतो, आणि म्हात्र्यांनीही डोळे मिटले होते. पण वक्ते मुंबईचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की मूल पुढे काय कमावणार हे ते कोणत्या घरात जन्मलं यावरून बरंचसं सांगता येतं. म्हात्र्यांचे डोळे उघडले ते मग मिटले नाहीत.

प्राध्यापकांनी फळ्यावर घर काढलं. घराला दोन खांब काढले. एक खांब घरातलं उत्पन्न आणि दुसरा बापाचं शिक्षण. बाप जेवढा शिकलेला तेवढं पोरगं पुढे सरकतं, असं देशोदेशी मोजून पाहिलंय म्हणे. मग त्यांनी, "हे झालं अर्धं," असं म्हणून पाण्याचा ग्लास उचलला आणि म्हात्रे उठले. त्यांना पाण्याशी काही घेणं नव्हतं. पेणची शेवटची एसटी सुटायची वेळ झाली होती. ती चुकली तर रोह्याच्या स्टँडवर बाकावर पडायचं आणि सकाळी डासांनी फोडलेल्या तोंडानं पुन्हा कंपनीत जायचं, हे त्यांनी एकदा केलेलं होतं. तेव्हा व्याख्यानाचा उरलेला अर्धा भाग रोह्यातच राहिला.

नागोठणं येईपर्यंत म्हात्र्यांनी स्वतःच्या घराला ते दोन खांब लावून पाहिले. त्यांचे वडील शिवा म्हात्रे खारेपाटातल्या मिठागरावर कामाला, सही म्हणून अंगठा. त्यांचा मुलगा, म्हणजे स्वतः काळुराम, जुन्या अकरावीपर्यंत पोचला आणि मॅट्रिकला गणितात आपटला. म्हणजे एका पिढीत घर एक पायरी चढलं. आता मॅट्रिक नापासाची मुलगी फार तर मॅट्रिक पास होणार आणि थांबणार. आणि नमिता तर इंजिनिअर व्हायचं म्हणत होती. दसऱ्याला कंपनीत यंत्रांची पूजा असते, तेव्हा घरच्या माणसांना आत सोडतात. तिथं बॉयलरवरचा काटा का हलतो हे तिनं विचारलं होतं आणि म्हात्र्यांना सांगता आलं नव्हतं. तेव्हापासून तिच्या डोक्यात ते बसलं होतं. येत्या जूनमध्ये ती दहावीला जाणार होती, आणि बापाच्या एका खांबामुळे तिचं सगळं अडणार होतं.

म्हात्र्यांना गाडीत घाम फुटला. उत्पन्नाचा खांब त्यांच्या हातात नव्हता, तो मॅनेजमेंटच्या हातात होता आणि मॅनेजमेंट त्याला हात लावायला तयार नव्हती. राहिला शिक्षणाचा. वडखळ नाक्यावर नेहमीप्रमाणे गाड्या तुंबल्या होत्या, तेवढ्या अवधीत त्यांचा निर्णय झाला. आपण मॅट्रिक व्हायचं. नमिताच्या आधी नाही तर निदान तिच्याबरोबर.

घरी मालूबाई पोह्याचे पापड डब्यात भरत होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरीला शिकवायचं सोडून तुमी कुठं शिकायला निघालाव?"

"तिच्यासाठीच शिकायचं हाय," म्हात्रे म्हणाले. मालूबाईंनी डब्याचं झाकण लावलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कुठे बोलायचं आणि कुठे झाकण लावायचं हे बाईला कळतं.

शेजारचे हैबतराव हे निवृत्त तलाठी. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे सल्ल्याशिवाय दुसरं काही काम उरलेलं नव्हतं. त्यांनी सांगितलं की यात काहीच अवघड नाही. शाळेत न जाता परीक्षेला बसणाऱ्यांसाठी सतरा नंबरचा फॉर्म असतो, तो भरायचा. सोबत जुन्या शाळेचा दाखला जोडला की झालं. पेणेत हजारो लोक सतरा नंबरनं पास झालेत, असं ते म्हणाले. त्यातल्या एकाचंही नाव त्यांना आठवलं नाही, पण म्हात्र्यांनी तेव्हा ते मनावर घेतलं नाही.

दाखल्यासाठी म्हात्रे रजा टाकून गावच्या शाळेत गेले. तिथल्या क्लार्कनं जुनं रजिस्टर झटकलं आणि सांगितलं की काळुराम शिवराम म्हात्रे नावाचा मुलगा या शाळेत कधी आलेलाच नाही. काळू शिवा म्हात्रे होता, तो नापास झाला आणि गेला. तो काळू मीच, असं म्हात्र्यांनी सांगितलं. कंपनीत लागताना नाव जरा भरदार केलं होतं, एवढंच. क्लार्क म्हणाला की मग नापास झालेला काळू आणि पास होऊ पाहणारा काळुराम एकच आहेत याचं प्रतिज्ञापत्र आणा. शिवाय त्या पानावरच्या सगळ्या मुलांची जन्मतारीख एक जून लागलेली होती, कारण तेव्हाचे गुरुजी पोराचे दात बघून वर्ष ठरवत आणि तारीख सगळ्यांना तीच देत. या एक जूनवाल्यांतले आपण नेमके कोण, हे सिद्ध करायला म्हात्र्यांना दोन साक्षीदार लागले. तेही एक जूनचेच मिळाले. या फेऱ्यांत म्हात्र्यांची सगळी रजा संपली आणि कंपनीभर बातमी पसरली. कॅन्टीनमधला पोऱ्या चहा देताना "गृहपाठ झाला का काका?" असं विचारू लागला. म्हात्र्यांनी कॅन्टीनचा चहा सोडला.

मग गणिताचा प्रश्न आला. पेणेत गणित म्हटलं की एलियाह सर. गावातली बहुतेक ज्यू मंडळी केव्हाच इस्राएलला गेली होती, सरांचे दोन्ही मुलगेही गेले होते. सर मात्र राहिले. तिकडे मुलांना मराठीतून गणित कोण शिकवू देणार, असं ते विचारायचे. त्यांची फी नव्हती, पण शिस्त होती. उशीर झाला की विद्यार्थी दारात उभा राहायचा, मग तो चौदा वर्षांचा असो की बेचाळिसाचा. एसटी रोज उशिरा यायची आणि म्हात्रे रोज दारात उभे राहायचे. शेजारून जाणारी माणसं त्यांना रामराम करून जायची.

खरी अडचण पुढेच होती. औद्योगिक वसाहतीत विजेच्या कपातीमुळे प्रत्येक कंपनीला सुटीचा वेगळा वार दिलेला. म्हात्र्यांच्या कंपनीला शनिवार आला होता. आठवड्यातून तोच एक मोकळा दिवस, आणि शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा वार म्हणून सर त्या दिवशी खडूला हात लावत नसत. सरांचे आजोबा घाण्यावर तेल काढायचे आणि तेही शनिवारी घाणा बंद ठेवायचे, तिथे सर कुठले ऐकायला. म्हात्र्यांनी मॅनेजमेंटकडे सुटीचा वार बदलून मागितला. अर्जात कारण लिहिलं होतं, 'बीजगणित'. तो अर्ज परत आला नाही, पण पुढे बरेच दिवस साहेब त्यांच्याकडे काळजीनं पाहत असत.

म्हात्र्यांनी एकदा सरांना प्राध्यापकांचे दोन खांब समजावून सांगितले. सर म्हणाले, "माझे आजोबा तेली, वडील कंपाउंडर, मी मास्तर, थोरला मुलगा हैफाला इंजिनिअर. म्हणजे तुझा प्राध्यापक बरोबर. धाकटा त्याच घरात वाढला, तीच पुस्तकं, तोच बाप, आणि तो तिकडे ट्रक चालवतो. आता त्याला कुठल्या खांबाला बांधू?" म्हात्र्यांनी पहिला अर्धा भाग तेवढा लक्षात ठेवला.

घरात आता शाळा भरली. टीव्हीवर चादर पडली. धाकटा प्रवीण पाचवीत होता, त्याचा विटी-दांडू माळ्यावर गेला. म्हात्र्यांना मोठ्यांदा वाचल्याशिवाय पाठ होत नसे, आणि मिठागरावरच्या माणसांचा आवाज वंशपरंपरेनं मोठा असतो, कारण तिथे एका बांधावरून दुसऱ्या बांधावर बोलायचं असतं. 'समांतर रेषांना छेदिकेने छेदले असता' हे सगळ्या आळीला पाठ झालं. हैबतराव खिडकीतून उच्चार सुधारायचे. नमिता एक-दोनदा म्हणाली की बाबा, जरा हळू वाचा ना. म्हात्रे हळू वाचू लागले, पण हळू वाचलेलं आपल्याला काही कळत नाही असं त्यांच्या ध्यानात आलं आणि आवाज आपोआप परत चढला. हे सगळं आपण कोणासाठी करतोय हे पोरीला कळू नये, याचं त्यांना वाईट वाटे.

शेवटी नमितानं आपलं दप्तर उचललं आणि ती आईबरोबर हमरापूरला जाऊ लागली. मालूबाई तिथल्या गणपतीच्या कारखान्यात आखणीला जायच्या. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. सगळा रंग झाला तरी आखणी झाल्याशिवाय मूर्ती कोणाकडे बघत नाही. शाळा सुटली की नमिता बस पकडून तिथे पोचायची आणि बिनरंगी गणपतींच्या रांगेत पोतं अंथरून बसायची. मालूबाई डोळे काढता काढता तिला म्हणायच्या, "वाच गो. मना बी ऐकू दे." नमिता सिद्धांत वाचायची. मालूबाई सातवीनंतर शाळेत गेल्या नव्हत्या, पण कान तिखट होता. मधेच त्या ब्रश थांबवून म्हणायच्या की हे मगाचच्याशी जुळत नाय, परत सांग. नमिता परत सांगायची, आणि बहुतेक वेळा तिची मधली एक ओळ खरंच सुटलेली असायची. गणपती संपले, दिवाळी गेली, नव्या मोसमाचं काम सुरू झालं, तरी माय-लेकींचा हा क्रम चालू राहिला. म्हात्र्यांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. पोरगी घरात नसल्यामुळे आपला अभ्यास चांगला होतो, एवढंच त्यांच्या लक्षात आलं होतं.

मार्चमध्ये परीक्षा आली. केंद्र दोघांचंही पेणेतलंच, वर्ग शेजारशेजारचे. पहिल्या दिवशी म्हात्रे इस्त्रीचा शर्ट घालून, कपाळाला गंध लावून बाकावर बसले. बाक लहान मुलांच्या मापाचा होता, त्यांचे गुडघे त्यात अडकित्त्यात सुपारी धरावी तसे धरले गेले. इतक्यात पर्यवेक्षकबाई आल्या आणि त्यांनी पाहिल्याबरोबर सांगितलं, "पालकांनी बाहेर थांबावं."

म्हात्रे म्हणाले की मी पालक नाही. बाई म्हणाल्या, सगळेच असं म्हणतात. वर्गातली पोरं हसली. म्हात्र्यांना हॉलतिकीट काढायचं होतं, पण ते पँटच्या खिशात आणि पँट बाकात अडकलेली. शेवटी दोन मुलांनी त्यांना ओढून उभं केलं, तेव्हा कुठे तिकीट निघालं आणि ते परीक्षार्थी ठरले. बाहेर भिंतीशी हैबतराव उभे होते. त्यांनी घंटा झाल्यावर खिडकीत तोंड घालून, काळुराम, आधी सोपी उत्तरं लिही, असा सल्ला दिला. त्या सल्ल्यापायी पोलीस त्यांना गेटापर्यंत सोडायला आला.

तरीही पेपर चांगले जात होते. मराठी, इतिहास, अगदी विज्ञानसुद्धा. बीजगणितात काही उत्तरं अशी आली की म्हात्र्यांना स्वतःचाच आदर वाटू लागला. आता फक्त भूमिती राहिली होती.

भूमितीच्या सकाळी त्यांचं बापाचं काळीज जागं झालं. नमिता अंघोळीला गेली असताना त्यांनी तिच्या दप्तरातून कंपासपेटी काढली, पेन्सिलीला टोक करून दिलं, कर्कटकाचा ढिला स्क्रू पिळला. तेवढ्यात हैबतराव दारात आले आणि काटकोनाबद्दल काहीतरी सांगू लागले. त्यांना घालवण्याच्या घाईत म्हात्र्यांनी पेटी पिशवीत टाकली. पिशवी स्वतःची होती. प्रश्नपत्रिका हातात पडली, म्हात्र्यांनी पिशवीत हात घातला आणि त्यांच्या हाताला दोन पेट्या लागल्या.

त्यांच्या पाचावर धारण बसली. भिंतीपलीकडे पोरगी भूमितीच्या पेपराला कंपासशिवाय बसली होती. इंजिनिअर व्हायला निघालेली पोरगी, आणि तिचा कंपास कोणी पळवला, तर ज्यानं तिच्यासाठी वर्षभर आळी डोक्यावर घेतली त्या बापानं. म्हात्र्यांनी हात वर केला. ही पेटी शेजारच्या वर्गात द्यायची आहे, ते म्हणाले. पर्यवेक्षकबाई म्हणाल्या की एका परीक्षार्थ्यानं दुसऱ्याला काही देणं म्हणजे कॉपी धरतात.

"मी तिचा बाप हाय, बाई."

"इथं तुम्ही बाप नाही. परीक्षार्थी आहात. तुम्हीच पहिल्या दिवशी सांगितलंत."

मग आपण पेपर देऊन बाहेर जातो, म्हात्रे म्हणाले. तर पहिला अर्धा तास कोणालाही बाहेर सोडत नाहीत. म्हात्रे परत बाकात अडकून बसले. समोर प्रश्नपत्रिका होती. नाइलाजानं त्यांनी ती वाचली. पहिलाच मोठा प्रश्न पायथागोरसचा होता, आणि पायथागोरस त्यांना झोपेत उठवलं तरी म्हणता आला असता. सगळ्या आळीला म्हणता आला असता. हात शिवशिवत होता. पण अर्ध्या तासात सिद्धांत लिहायचा म्हणजे त्यात गुंतायचं, आणि गुंतलं की उठवत नाही, हे त्यांना स्वतःबद्दल माहीत होतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि भिंतीकडे बघत बसले. आयुष्यात एवढं वाईट त्यांना मॅट्रिकला नापास झाल्यावरही वाटलं नव्हतं.

घंटेचा टोला पडताच त्यांनी जवळजवळ कोरी उत्तरपत्रिका बाईंच्या हातात ठेवली, मुलांनी त्यांना बाकातून उपसलं आणि ते केंद्रसंचालकांसमोर जाऊन उभे राहिले. "आता मी परीक्षार्थी नाय," ते म्हणाले. "पालक हाय. माझ्या पोरीची पेटी तिला द्या." केंद्रसंचालकांनी नियम आठवून पाहिले. या प्रसंगाचा नियम बहुधा कोणी केलेला नव्हता. त्यांनी पेटी उघडून आतल्या प्रत्येक वस्तूची तपासणी केली आणि शिपायाबरोबर ती पाठवली. शिपाई पेटी घेऊन परत आला. मुलगी म्हणते तिला नको, तिच्या वर्गातल्या मास्तरांनी पेपर सुरू व्हायच्या आतच शाळेच्या कपाटातली काढून दिली होती.

म्हात्रे गेटाबाहेर आंब्याच्या पारावर दोन पेट्या मांडीवर घेऊन बसले. नमिता बाहेर आली आणि तिनं विचारलं की बाबा, तुम्ही आधीच कसे सुटलात. म्हात्रे म्हणाले, सोपाच होता. पण हैबतराव जवळच होते आणि त्यांना सगळं कळलेलं होतं, त्यामुळे नमितालाही लगेच कळलं. घरी जाताना तिनं दोन्ही पेट्या आपल्या दप्तरात ठेवल्या आणि गर्दीतून जाताना लहानपणी धरायची तशी बापाच्या शर्टाची कड धरून चालली. म्हात्र्यांना रडू येत होतं, म्हणून ते वाटेतल्या दुकानांच्या पाट्या वाचत राहिले.

जूनमध्ये निकाल लागला. नमिता केंद्रात मुलींत पहिली आली. म्हात्रे सगळ्या विषयांत पास आणि गणितात नापास झाले, म्हणजे जिथं इतक्या वर्षांपूर्वी होते बरोबर तिथंच. पेढे वाटताना लोकांना अभिनंदन करावं की सांत्वन, हे कळत नव्हतं. हैबतरावांनी दोन्ही केलं आणि दोन पेढे घेतले.

म्हात्रे पेढे घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि त्यांना पडलेलं कोडं त्यांनी बोलून दाखवलं. बाप मॅट्रिक नापास तो नापासच राहिला, मग पोरगी पुढे गेली कशी? प्राध्यापकांचं मोजण्यात काही चुकलं असेल का? साहेबांनी पेढा तोंडात टाकला.

"तुम्ही शेवटपर्यंत कुठे थांबलात, म्हात्रे? पाणी प्याल्यावर त्यांनी तिसरा खांब काढला ना. आईचा. आई काय शिकली आणि मुलाजवळ किती बसली. ते म्हणाले, बऱ्याच ठिकाणी तोच खांब सगळ्यांत जास्त वजन घेतो."

त्या संध्याकाळी म्हात्रे एसटीत बसले. हे घरी सांगायचं नाही, असं त्यांनी नागोठण्याला ठरवलं. वडखळला बदललं. पेणला उतरून घरी पोचले तेव्हा मालूबाई चुलीपुढे होत्या आणि म्हात्र्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. एक सबंध वर्ष ज्या खांबाला आपण रंग देत बसलो तो खांब मुळात बारीक होता, आणि मोठा खांब रोज बसनं हमरापूरला जात होता. मालूबाईंनी भाकरी उलटली.

"नमीचं झालं ते झालं," त्या म्हणाल्या. "प्रवीणला दहावीला अजून टाइम हाय. त्या हैबतरावांना इचारा, सातवी पास बाईला सतरा नंबर भरता येतो का."

भरता आला. मालूबाईंचं नाव शाळेत होतं तेच राहिलेलं असल्यामुळे दाखला एका फेरीत मिळाला. एलियाह सरांकडे त्या दुपारी जायच्या, त्यामुळे कधी दारात उभ्या राहिल्या नाहीत. म्हात्र्यांनी स्वतःचं गणित ऑक्टोबरात काढलं, कसंबसं, आणि त्याचे पेढे वाटू दिले नाहीत. शनिवारी कंपनीला सुटी असे. त्या दिवशी ते स्वयंपाक करायचे आणि घरात कोणी मोठ्यानं बोललं तर ओठांवर बोट ठेवायचे. नमिता पनवेलला सायन्सला जाऊ लागली होती, ती येता-जाता आईच्या वह्या तपासायची.

दोन वर्षांनी मार्चमध्ये म्हात्रे मालूबाईंना घेऊन त्याच केंद्रावर गेले. कंपासपेटी त्यांनी स्वतः बघून मालूबाईंच्या पिशवीत ठेवली आणि मग स्वतःची पिशवी उलटी करून झटकून पाहिली. गेटावर तेव्हाच्याच पर्यवेक्षकबाई उभ्या होत्या. इस्त्रीची साडी नेसलेल्या मालूबाई आत शिरताना बाईंनी हात आडवा केला आणि त्या म्हणाल्या, "पालकांनी बाहेर थांबावं."

"त्या परीक्षार्थी हायेत, बाई," म्हात्रे मागून म्हणाले. "पालक मी."

आणि ते आंब्याच्या पारावर जाऊन बसले.